दोन घंट्या

किल्ल्या प्लास्टिकच्या तबकात पडल्या तेव्हा खणकन आवाज झाला, आणि त्या आवाजाने मला एकदम आठवलं की आज सकाळी घरातून निघताना असा आवाज झालाच नव्हता. एरवी त्याला थोडा वेळ ठेवून बाहेर पडताना होतो. पुल्लाला, आमच्या कुत्र्याला, तारेच्या पिंजऱ्यात घालायचं असलं की आधी त्याच्या गळ्यातला पट्टा काढायचा, तो स्वयंपाकघराच्या दाराच्या मुठीला अडकवायचा, आणि मग दार ओढून घेतलं की पट्ट्याचा पत्र्याचा बिल्ला मुठीवर आपटून वाजतो. आज दार ओढलं, कडी लागली, पण बिल्ला वाजला नाही. म्हणजे पट्टा त्याच्या गळ्यातच राहिला. "पुढे व्हा, बाई," कोर्टाच्या दारावरचा पोलीस म्हणाला. माझा फोन त्याने एका तपकिरी पाकिटात सरकवला, पाकिटावर माझा ज्यूरीचा नंबर लिहिला, चौऱ्याहत्तर, आणि पाकीट मागच्या कप्प्यात टाकलं. "संध्याकाळी पाचला परत मिळेल." मी म्हणाले, "बरं." फोनमध्ये घरचा कॅमेरा होता. त्यात स्वयंपाकघर दिसतं, पिंजरा दिसतो, आणि कॅमेरा आहे म्हणून तर मी त्याला पहिल्यांदाच इतके तास एकटं सोडून निघाले होते. मागे रांग होती. मी पोलिसाला म्हणायला हवं होतं की थांबा, एक मिनिट, मला बघू द्या. मी बरं म्हणाले आणि पुढे झाले.

पट्टा गळ्यात असताना कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडायचं नाही, हे आमच्याकडे कुत्रा पाळणाऱ्याला पहिल्या दिवशीच सांगतात. बिल्ला तारेत अडकतो, पिल्लू घाबरून झटके देतं, आणि प्रत्येक झटक्याला पट्टा आणखी पिळला जातो. जनावरांच्या डॉक्टरणीने हे मला नोव्हेंबरात बोट उगारून सांगितलं होतं. पुल्ला तेव्हा चार महिन्यांचा होता आणि सगळा मिळून माझ्या दोन हातांत मावत होता. तो माझा नव्हेच. माझ्या धाकट्या बहिणीचा, ट्रिनाचा. नाव तिनेच ठेवलं. पुल्ला म्हणजे आमच्या फिन्निश घरांतून वेलदोडा घालून करतात तो गोड पाव. त्याचा रंग तसाच आहे, वरून खरपूस तपकिरी आणि पोटाकडे फिका. ट्रिना गेली आणि तो माझ्याकडे आला. गेले चार महिने मी त्याला शाळेत नेते. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, आणि मुख्याध्यापक तो मागच्या कोठीच्या खोलीत आहे हे माहीत नसल्याचं सोंग करतात. पण कोर्टात कुत्रा नेता येत नाही. शेजारची मंडळी मार्च संपेपर्यंत फ्लोरिडात ऊन खात बसलेली असतात. म्हणून कॅमेरा.

ज्यूरीवर, म्हणजे खटल्याचा निवाडा करायला, गावातून बोलावलेल्या लोकांना बसवतात ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती. साठ-सत्तर खुर्च्या, कॉफीचं यंत्र, भिंतीवर घड्याळ, आणि उंच खिडकीतून सरोवर. सरोवरावर अजून बर्फ होता, फक्त मधे एक काळी पट्टी उघडी पडली होती. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी हिशेब केला: सातला पिंजऱ्यात, म्हणजे एक तास दहा मिनिटं. एका तासात काय होईल? तो झोपतो एक तास. माझ्या शेजारी एक जाडजूड म्हातारा येऊन बसला, त्याने हातातला कागदी पेला माझ्या पायाशी ठेवला आणि आपणहून ओळख करून दिली. हार्लन. तीस वर्षं खनिज वाहणाऱ्या बोटींवर स्वयंपाकी होता. "तुमचा चेहरा बघून वाटतंय, आरोपी तुम्हीच," तो म्हणाला. मी हसले नाही. "अहो, गंमत केली. काय झालंय? गॅस चालू राहिला?"

"कुत्रा आहे घरी. पिंजऱ्यात. पट्ट्यासकट."

त्याने शिट्टी वाजवायला ओठ गोल केले आणि वाजवली नाही. त्याचं ते न वाजवणं मला नको होतं. "झोपेल हो," तो म्हणाला. "कुत्री काय, आपण गेलो की झोपतात. आमचा बूमर तर मी बोटीवर गेलो की तीन महिने झोपायचा, असं बायको सांगायची. आणि काही झालंच तर भुंकेल, शेजारीपाजारी ऐकतील." मी म्हणाले, "तो भुंकत नाही." "सगळी भुंकतात." "हा नाही."

हा नाही. ते मला कसं माहीत, हे त्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी, दुपारचे चार वाजले असतील, मी घरी कणीक मळत होते आणि भिंतीवरचा फोन वाजला. दोनदा. मग बंद झाला. मी हात पुसले आणि फोनजवळ जाऊन उभी राहिले. ज्या घरात आम्ही लहानाच्या मोठ्या झालो त्याच घरात मी अजून राहते, तोच नंबर अजून चालू आहे, आणि त्या नंबरावर असा दोनदा वाजून थांबणारा फोन जगात फक्त ट्रिना करते. ही खूण आईची. आई एका धुलाईखान्यात दुपारच्या पाळीला होती, आम्ही शाळेतून घरी यायचो ते आपल्या आपण, माझ्या गळ्यात बुटाच्या नाडीत ओवलेली किल्ली असायची, आणि फ्रिजच्या दारावर आईच्या गोल अक्षरात नियम होते. दार कुणालाही उघडायचं नाही. शेगडीला हात लावायचा नाही. फोन वाजला तर उचलायचा नाही. दोन घंट्या वाजून थांबला आणि परत वाजला, तरच उचलायचा, ती आई. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: उलट फोन करायचा नाही. धुलाईखान्यात कामगाराला घरचा फोन आलेला चालत नसे, एका बाईला त्यावरून घरी पाठवलं होतं. आई गेली, धुलाईखाना गेला, फ्रिजही दोनदा बदलला. आम्ही दोघी मात्र चाळिशी-पन्नाशीतही एकमेकींना तसाच फोन करायचो, आधी दोन घंट्या, मग परत. हसायचो, पण करायचो तसाच.

तर मी फोनजवळ उभी राहिले आणि दुसऱ्यांदा वाजायची वाट बघितली. बोटांवरचं पीठ वाळून तडकायला लागलं इतका वेळ. वाजला नाही. मला वाटलं, कुणीतरी आलं असेल तिच्याकडे, पिल्लाने काहीतरी ओढलं असेल. उलट फोन करावा हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आलं नाही असं मी पोलिसांना सांगितलं, ते खरं नाही. आलं होतं, आणि मी एकोणसाठ वर्षांची बाई त्या दोन रेघा मारलेल्या ओळीला भ्यायले. मी परत कणकेकडे गेले. रविवारी ती कॉफीला आली नाही तेव्हा मी तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर होती, फोन हातापासून वीतभर लांब. आणि तिच्या दुसऱ्या हाताशी पुल्ला, हनुवटी तिच्या मनगटावर ठेवून. दाराशी पाण्याचं भांडं होतं, त्यात पाणी होतं, ते त्याने प्यायलेलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू म्हणाला, "मला तर काही कळलंच नाही. कुत्रं आहे ना वर? एकदाही भुंकलं नाही हो." दोन दिवस तो हलला नव्हता. मी उचलायला गेले तर माझ्याकडे नुसतं बघितलं, आपली सुटका झाली की आपल्याला धरलं हे न समजल्यासारखं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. पाच-दहा मिनिटांचा मामला, तुम्ही फोन केला असतात तरी. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि मीही त्यांना करू दिलं नाही.

साडेनऊला एक कारकूनबाई आल्या. चष्मा साखळीला बांधलेला, आवाज खणखणीत. "ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे, अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, ज्यांना बघायला दुसरं कुणीच नाही, त्यांनी हात वर करा." आठ-दहा हात वर झाले. हार्लनने मला कोपराने ढोसलं. मी हात मांडीवरच ठेवले. काय सांगणार, कुत्रा? आमच्या लोकांत गवगवा करणं हे चोरीच्या खालोखाल. आई दात दुखून रात्रभर जागी राहायची आणि सकाळी विचारलं तर म्हणायची, ठीक आहे. हात वर केलेल्यांतली एक मुलगी, कडेवर बाळाची पिशवी, पाच मिनिटांत सुटून गेली. मी तिच्याकडे बघत राहिले. मग मी उठून कारकूनबाईंच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "एक फोन करू देता का?" "एकच, आणि लवकर. गट काढायचाय." त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे वळवला. आणि मी तिथे बोट उचलून उभी. मला एकही नंबर पाठ नव्हता. शेजाऱ्यांचा नाही, शाळेचा नाही, मैत्रिणींचा नाही. सगळे त्या तपकिरी पाकिटात. मला दोनच नंबर तोंडपाठ होते, एक ट्रिनाचा आणि एक माझ्या स्वतःच्या घरचा.

मी घरचा लावला. वेड्यासारखं. घरी उचलायला कोण होतं? पण मला ते घर डोळ्यांपुढे दिसत होतं, भिंतीवरचा फोन, त्याच्या खालीच पिंजरा, आणि वाटलं, त्याला कळेल तरी की कुणीतरी आहे. एक घंटी. दोन घंट्या. मी फोन खाली ठेवला, आणि परत उचलायला गेले, दुसऱ्यांदा लावायला, कारण दुसऱ्यांदा लावला तरच तो आपल्या माणसाचा. "साठ ते नव्वद नंबर!" कारकूनबाई ओरडल्या. "चला, माझ्या मागे. झाला ना फोन?" त्यांनी फोन आपल्याकडे ओढून घेतला. मी म्हणाले, "झाला." जिन्यावर माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. दोन घंट्या, आणि पुढे काही नाही. आणि त्याहून वाईट: तो झोपला असेल, अगदी शांत झोपला असेल, आणि डोक्यावर कर्कश फोन वाजल्यावर दचकून उठला असेल, मान झटकली असेल, आणि बिल्ला. मला जिन्याचा कठडा धरावा लागला. "सांभाळून," मागून हार्लन म्हणाला.

कोर्टाच्या दालनाबाहेर लाकडी बाकं होती, तिथे आम्हाला बसवून ठेवलं. इमारत सोडायची नाही, जेवण इथेच येईल. जेवण म्हणजे टर्कीचे सँडविच आणि एक एक सफरचंद. हार्लनने सँडविच उघडून बघितला. "बोटीवर मी असा दिला असता तर मला पाण्यात फेकलं असतं." मग आवाज उतरवून, "तुम्ही त्यांना सांगा हो. फार तर हसतील." मी म्हणाले, "हो, सांगते." आणि सांगितलं नाही. खुर्चीवरून उठायचं म्हटलं की माझ्या पोटऱ्या जड होतात, हे आजचं नाही. पण उठता न येणारी खरी मी नव्हेच, ती ट्रिना होती, आणि तिला तसं केलं ते मी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, पाद्रीबाबांना नाही. ट्रिनाला तर नाहीच.

मी अकरा वर्षांची होते, ती सहाची. फेब्रुवारीतला शनिवार, आई दोन पाळ्या करणार होती. माझ्या वर्गातल्या मुली टेकडीखालच्या बर्फाच्या मैदानावर स्केटिंगला जमणार होत्या, आणि त्यात एक कॅरल होती जिने मला आयुष्यात पहिल्यांदा बोलावलं होतं. ट्रिनाला घेऊन जायचं म्हणजे तिचे बूट, तिची नाडी, तिचं शू आलं. मी तिला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसवलं. तिथून पुढचं दार दिसतं आणि फोनही दिसतो. म्हणाले, इथून हलायचं नाही. ती म्हणाली, "हलले तर?" तिला घाबरवायला काहीतरी मोठं हवं होतं, आणि बागुलबुवाला ती भीत नसे. मी म्हणाले, "तू या पायरीवरून हललीस तर आई घरी येणार नाही."

"आज?"

"कधीच."

तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मी दाराला बाहेरून किल्ली लावली आणि किल्ली गळ्यात, स्वेटरच्या आत टाकली. ती इतकी गार होती की छातीला चटका बसल्यासारखं झालं. मी एक तास म्हणून गेले आणि चार तासांनी आले. फार मजा आली. ते मला अजून आठवतं, आणि मजा आली हे आठवतं याचीच सगळ्यात लाज वाटते. परत आले तेव्हा अंधारून आलं होतं, घरात दिवा नव्हता. ट्रिना तिसऱ्या पायरीवर होती. हात गुडघ्यांवर. पायरीवरून पाणी ओघळून दुसऱ्या पायरीवर आणि तिथून खाली सतरंजीवर आलं होतं. मी दिवा लावला आणि पहिलं वाक्य बोलले ते, "शी! बघ काय करून ठेवलंस." ती म्हणाली, "फोन वाजला. दोनदा वाजला आणि मग पुन्हा खूप वाजला. आई होती. मी उचलला नाही. मी हललेच नाही, लोर्ना." मी तिला धुतलं, पायरी पुसली, सतरंजी उलटी टाकली. नऊ वाजता आई आली, बर्फ झटकत, दमलेली, फोन का उचलला नाही म्हणून रागावलेली. मी म्हणाले, आम्ही अंगणात खेळत होतो. आणि ट्रिनाने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या तोंडावर असा आनंद होता की आपण केलं, आपण आईला परत आणलं. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की अगं, खोटं होतं ते. दोन शब्दांचं काम. माझ्याच्याने झालं नाही, आईसमोर तर शक्यच नव्हतं, दुसऱ्या दिवशी विसरायला झालं, आणि मग वर्षं गेली.

ती विसरली असेल असं मी धरून चालले होते. मग आई आजारी पडली. शेवटचे सहा दिवस ट्रिना हॉस्पिटलात आईच्या खाटेशी खुर्चीत बसली होती, उठायची नाही, जेवायला म्हटलं तरी नाही. परिचारिका थट्टा करायच्या की बाई खुर्चीला शिवलेल्या आहेत. सहाव्या दिवशी मी तिच्यावर ओरडले, जा, तोंड धुऊन ये, वास येतोय तुला. ती गेली. पाच मिनिटं. तेवढ्यात आईचा श्वास थांबला. ट्रिना परत आली, तोंड ओलं, हातात कागदी रुमाल. तिने आईकडे बघितलं आणि मला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, जसं कुणी म्हणेल की दूध ओतू गेलं, "मी उठले ना." ती चाळीस वर्षांची होती. तिला आठवत होतं. चौतीस वर्षं ती त्या पायरीवर होती आणि मला तेव्हा कळलं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "कॉफी आणू तुला?"

दुपारी एकच्या सुमाराला आम्हाला आत घेतलं. न्यायाधीशबाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बोलायला मोकळ्या. एकेकाला उभं न करता बसल्या जागीच विचारत होत्या. "चौऱ्याहत्तर. लोर्ना केटोला. काम काय करता?"

"शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. सत्तावीस वर्षं."

"म्हणजे खोटं बोलणारा माणूस तुम्हाला लांबून ओळखू येत असेल." सगळे हसले. "खटला तीन-चार दिवस चालेल. तुमचं लक्ष इथे लागणार नाही असं काही कारण आहे?"

"नाही," मी म्हणाले. ते आपोआप आलं, ठीक आहे म्हणावं तसं. त्यांनी कागदावर खूण केली आणि पंचाहत्तरकडे वळल्या. पंचाहत्तर म्हणजे हार्लन. तो नुसता माझ्याकडे वळून बसला, मोठा लालबुंद चेहरा, वाट बघत. तेवढ्यात खाली बंदरात भोंगा वाजला. बर्फ फोडणारी बोट असणार, अजून मोठी जहाजं सुरू व्हायची होती. एक लांब आणि दोन आखूड. ते सगळ्यांना सवयीचं, कुणी मान वर केली नाही. मी उठले. कशी उठले ते सांगता येत नाही. पोटऱ्या तितक्याच जड होत्या.

"माझ्या घरी कुणीतरी एकटं आहे," मी म्हणाले.

"मघाशी विचारलं होतं की तुम्हाला. कोण? लहान मूल?"

"कुत्रा."

हसणं झालं, व्हायचं तेवढं. माझे कान तापले. मी बसले नाही. "आठ महिन्यांचा आहे. सकाळपासून पिंजऱ्यात आहे आणि पट्टा काढायचा राहिला. तुम्ही म्हणाल भुंकेल, तर तो भुंकत नाही. गळा आवळला तरी भुंकणार नाही. तो वाट बघत बसतो. त्याला तसंच शिकवलंय." शेवटचं वाक्य मी का बोलले कोण जाणे. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

"आमच्याकडे दोन आहेत," त्या म्हणाल्या. "त्यातल्या एकाने माझा कोर्टाचा झगा खाल्ला, बाहीसकट. जा तुम्ही. कारकुनांना उद्या फोन करा, दुसरी तारीख देतील." मग मी रांगेतून बाहेर पडत असताना, "बाई, सावकाश चालवा. रस्त्यावर अजून बर्फ आहे." हार्लनने पाय आवरून मला वाट दिली. "पळा," तो म्हणाला.

खाली पोलिसाने पाकीट हातात दिलं. फोन घेतला आणि कॅमेरा मात्र उघडला नाही. गाडीत बसून हातात धरला, बोट ठेवलं आणि काढलं. जर ते दिसलं असतं, तर त्या क्षणापासून घरापर्यंतची वीस मिनिटं मी कशी काढली असती? गाडी चालवताना मी त्याच्याशी बोलत होते. हलू नकोस, म्हणत होते, हलू नकोस रे, मी आले. आणि मधेच माझ्याच कानांवर ते शब्द पडले आणि मी तोंड मिटलं. दोन वाजायला दहा मिनिटं कमी होती. जवळजवळ सात तास.

घरात आवाज नव्हता. पुढचं दार उघडलं की समोर जिना येतो, पहिल्यांदा नजर जाते ती त्याच्यावर. मी आयुष्यभर त्या जिन्याकडे न बघता घरात शिरायला शिकले आहे. आज बघितलं. तिसरी पायरी रिकामी होती. स्वयंपाकघराच्या दाराच्या मुठीला काही नव्हतं. मी दार ढकललं.

तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पडला होता. बिल्ला पिंजऱ्याच्या तळाला असतं त्या तबकाच्या आणि तारेच्या फटीत गेला होता आणि आडवा होऊन अडकला होता, पट्टा दोनदा पिळला होता, आणि त्याची मान जमिनीला खेचलेली, गाल तबकाला टेकलेला. त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर पाणी होतं. मी खाली बसले. मग त्याचा वरचा डोळा माझ्याकडे वळला. फक्त डोळा. शेपटीचं टोक तबकावर एकदा आपटलं आणि थांबलं. त्याने एकही झटका दिला नव्हता. दिला असता तर संपला असता. दुसरं कुठलंही पिल्लू संपलं असतं. याला अडकल्यावर हलायचं नसतं हे माहीत होतं. त्या न हलण्यानेच तो वाचला होता. पट्ट्याचं बक्कल माझ्याच्याने सुटेना, सोडायला त्याची मान आणखी खाली दाबावी लागली असती. मी उठून आईची जाड कात्री आणली, थंड पातं पट्ट्याखाली सरकवलं आणि कापलं. मानेवरच्या केसांत खोल खाच पडली होती. बोट फिरवलं तर गरम लागली, खाली नाडी उडत होती.

पिंजऱ्याचं दार मी सताड उघडलं. पट्टा नव्हता, अडकलेलं काही नव्हतं, आणि तरी तो तसाच पडून राहिला. गाल तबकाला टेकलेला. डोळा माझ्याकडे. "ये," मी म्हणाले. "चल, झालं." नाही. मी वाटीत हात बुडवून त्याच्या ओठांना पाणी लावलं, त्याने चाटलं नाही. तो विचारत होता. मी काही वेडी नाही, कुत्रा विचारत नसतो हे मला कळतं. पण मी त्या घराच्या जमिनीवर बसले होते, डोक्यावर फोन होता, उघड्या दारातून जिना दिसत होता, आणि मला कुणीतरी विचारत होतं, हलले तर?

मी पिंजऱ्यात डोकं घातलं. आत त्याचा वास होता, ओल्या लोकरीचा आणि भीतीचा. मी त्याच्या कानाशी बोलले. "खोटं होतं ते," मी म्हणाले. परत म्हणाले. "खोटं होतं. आई येणारच होती. तू हलली असतीस तरी आली असती, तू नाचली असतीस तरी आली असती. तिची पाळी नऊला संपायची. मला स्केटिंगला जायचं होतं म्हणून मी बनवून सांगितलं. आणि आई गेली ती तू उठलीस म्हणून नाही गेली, ती आजारी होती. तू दोन घंट्या दिल्यास तेव्हा मी इथे होते. मी फोनजवळ उभी होते. मी उलट फोन करायला हवा होता. ऐकतेस ना? ऊठ आता. उठलं तरी काही होत नाही."

किती वेळ गेला कोण जाणे. आधी कान हलला. मग पुढचे पाय लांब झाले, एक, मग दुसरा, आणि तो थरथरत उभा राहिला, माझ्या खांद्याला अंग घासत बाहेर आला, दोन पावलं चालला, स्वयंपाकघराच्या ऐन मधोमध थांबला, मागचे पाय वाकवले आणि सात तासांची लघवी सोडून दिली. ती संपेचना. फरशीवरून पसरत पसरत ती माझ्या गुडघ्यांपर्यंत आली, कोर्टासाठी मुद्दाम घातलेला चांगला स्कर्ट ऊन ऊन भिजला, आणि पुल्ला मान वर करून माझ्याकडे बघत होता, आता ही काय म्हणते म्हणून.

"असू दे," मी म्हणाले. "असू दे, ट्रिना."